तीन महिने कोणाला सांगायचे नाही?

आपल्याकडे दिवस गेल्याची बातमी पहिले तीन महिने घराबाहेर जाऊ देत नाहीत. दृष्ट लागेल, काही विपरीत घडले तर चारचौघांच्या चौकशांना तोंड द्यावे लागेल, अशी त्यामागची भावना. काळाचौकीत गेली जवळजवळ तीस वर्षे दवाखाना चालवताना हा रिवाज मी चाळींत पाहिला, अभ्युदयनगरच्या इमारतींत पाहिला आणि आता गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांतही पाहतो. त्याला माझा विरोध नाही. शेजारणीला केव्हा सांगावे, हा ज्या त्या घराचा प्रश्न. परंतु गर्भारपणातील काही अत्यंत धोक्याच्या घटना नेमक्या याच तीन महिन्यांत घडतात. शेजाऱ्यांपासून राखलेली गुप्तता डॉक्टरांनाही लागू झाली, की ती जिवावर बेतू शकते.

हा लेख मी मुद्दाम घरातील वडीलधाऱ्यांसाठी लिहीत आहे. नवी सून किंवा माहेरी आलेली लेक, तिच्या अंगावर लाल दिसले किंवा ओटीपोटात कळ आली, तर ती पुष्कळदा प्रथम सासूला, आईला किंवा मोठ्या जावेला सांगते. डॉक्टरांकडे जायचे की सकाळपर्यंत वाट पाहायची, हा निर्णय तेथेच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होतो. माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरचा क्रमांक त्यानंतरचा आणि मोठ्या रुग्णालयाचा त्याहून नंतरचा. म्हणजे रुग्णाला पुढे पाठवणारी पहिली व्यक्ती तुम्ही असता, मी नव्हे.

आधी माझी एक चूक सांगतो.

व्यवसाय सुरू करून मला दुसरेच वर्ष होते. पावसाळ्यातली संध्याकाळ. जवळच्याच चाळीतील एक कुटुंब सुनेला घेऊन आले. सून तेवीस-चोवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षे झालेली. सकाळपासून पोटात दुखत होते, दोनदा उलटी झाली होती. सासूबाई म्हणाल्या, ‘‘काल उपास होता, पित्त झालंय.’’ गिरणीत मुकादमी केलेले सासरे बाकावर बसले होते. आमच्या भागात त्यांना मान होता. मी जीभ पाहिली, साडीवरूनच पोट दाबून पाहिले, काल काय खाल्ले ते विचारले. पाळीचे मात्र विचारले नाही. समोर सासरे, मी अविवाहित तरुण. जीभ रेटली नाही. पित्ताचे इंजेक्शन दिले, चार गोळ्या बांधून दिल्या आणि घरी पाठवले.

रात्री नऊच्या सुमारास त्यांचा मुलगा धावत आला. गॅलरीच्या टोकाच्या सामाईक संडासात ती चक्कर येऊन पडली होती. जाऊन पाहतो तो चेहरा पांढराफटक, हातपाय गार, नाडी इतकी जलद आणि बारीक की मोजताना चुकत होती. वरचे ब्लडप्रेशर सत्तर. तेव्हा कोठे मी पाळीची तारीख विचारली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘आठ-दहा दिवसांपूर्वी आली होती की. थोडीशीच गेली.’’ ती पाळी नव्हती. त्याआधीची पाळी सात आठवड्यांपूर्वीची होती, हे त्या मुलीलाच ठाऊक होते, आणि तिला कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

खुर्चीवर बसवून चार जणांनी तिला तीन मजले खाली उतरवले. टॅक्सीत तिला आडवे करून पाय उंच धरले आणि परळच्या दिशेने निघालो. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. उजवी गर्भनलिका फुटली होती, पोटात दीड लिटरहून अधिक रक्त साचले होते. चार बाटल्या रक्त द्यावे लागले. ती वाचली. माझ्याच वयाच्या तेथील डॉक्टरने हात धुता धुता मला एकच प्रश्न केला, ‘‘पाळी विचारली नव्हतीस?’’

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात वयात आलेल्या मुलीपासून पन्नाशीच्या बाईपर्यंत प्रत्येकीच्या केसपेपरवर सर्वांत वर शेवटच्या पाळीची तारीख लिहिली जाते. सर्दीसाठी आली असली तरीही.

जागा चुकलेला गर्भ

या विकाराला वैद्यक एक्टोपिक म्हणते. मराठीत अस्थानी गर्भधारणा. गर्भ गर्भाशयात रुजण्याऐवजी बाहेर, बहुतेक वेळा गर्भनलिकेत रुजतो. शंभर गर्भधारणांत एखाद-दुसरी अशी असते. गर्भाशय ताणले जाऊन मोठे होऊ शकते. ही नळी अरुंद आणि नाजूक. साधारणपणे सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास ती ताणून दुखू लागते, झिरपू लागते किंवा एकदम फुटते. तोवर कित्येक घरांत पाळी चुकल्याचीही नीट नोंद झालेली नसते.

वडीलधाऱ्यांनी चार खुणा मनात ठेवाव्यात. पाळी चुकलेली किंवा नेहमीपेक्षा वेगळी, तुटपुंजी, काळपट आलेली. ओटीपोटात, बहुधा एका बाजूला, दुखणे. संडासला जोर आल्यासारखे वाटून तेथे गेल्यावर घेरी येणे. चौथी खूण फसवी आहे: खांद्याच्या टोकाशी दुखणे, विशेषतः आडवे झाल्यावर. पोटात साचलेले रक्त श्वासपटलाला लागले, की तेथील मज्जातंतू ती वेदना खांद्यावर दाखवतो. खांद्याला बाम चोळत बसलेली गर्भवती मी पाहिली आहे. यांतील एक खूण असली तरी पुरे. चारही जमण्याची वाट पाहू नये.

बाहेर दिसणाऱ्या रक्तावरून धोक्याचा अंदाज बांधू नका. या विकारात अंगावर चार थेंब जातात आणि पोटात बाटलीभर साचते. शिवाय तरुण शरीर फार काळ तग धरते. रक्त कमी होत असताना नाडी वाढते, पण ब्लडप्रेशर बराच वेळ ठीक दिसते आणि मग एकाएकी कोसळते. ‘‘आत्ता तर नीट बोलत होती’’ हे वाक्य अशा घरांतून मी अनेकदा ऐकले आहे.

आम्हा साध्या डॉक्टरांच्या दृष्टीने या विकाराच्या इतिहासात एक बोलकी गोष्ट आहे. १८८१ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ हॉलराइट नावाच्या एका सामान्य व्यवसायी डॉक्टरने अशाच एका स्त्रीसाठी लॉसन टेट या नामांकित शल्यविशारदाला बोलावले. नळी फुटली आहे, पोट उघडून ती काढावी, असे हॉलराइटने सुचवले. टेट यांनी नकार दिला. ती स्त्री दगावली आणि मृत्यूनंतरच्या तपासणीत हॉलराइटचे म्हणणे खरे ठरले. दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, टेट यांनीच ही शस्त्रक्रिया करून एका स्त्रीचे प्राण वाचवले आणि पुढे तीच रीत रूढ झाली. आपला नकार चुकला होता, हे टेट यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

आज वेळेवर कळले तर पोट उघडावे लागेलच असे नाही. नळी फुटली नसेल आणि गर्भ लहान असेल, तर मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनाने भागते किंवा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते.

हा विकार कोणाला होतो? ज्यांना तो होतो, त्यांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांत काहीच कारण सापडत नाही. उरलेल्यांत ओटीपोटातील जुना जंतुदोष, पूर्वीची अशीच घटना, नळीवरील शस्त्रक्रिया ही कारणे येतात. आपल्या देशात त्यात क्षयरोगाची भर आहे. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय आमच्या शेजारीच. क्षय म्हणजे खोकला असेच लोक समजतात. पण तो गर्भनलिकेतही जातो, खोकला नसताना जातो, आणि बरा झाल्यावरही नळीत व्रण ठेवून जातो. सुनेला लहानपणी क्षयाचे औषध चालू होते, ही गोष्ट माहेरच्यांनी लग्नात लपवली असेल, तर निदान डॉक्टरांपासून तरी लपवू नये.

आणखी दोन गैरसमज येथेच काढतो. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला क्वचित दिवस जाऊ शकतात, आणि गेले तर ते नळीत असण्याची शक्यता अधिक. तांबीचेही तसेच. ‘‘तिचं ऑपरेशन झालंय’’ म्हणून पाळीचा प्रश्न उडवून लावू नये. दुसरे, बेचाळीस-त्रेचाळीसच्या बाईची पाळी चुकली, की घरातील सगळे ‘आता जायला लागली’ असे समजतात. असेलही. पण पोटात दुखत असेल, तर लघवीची तपासणी आधी. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या त्या पट्टीला पाच मिनिटे लागतात.

गर्भ राहत नाही तेव्हा

पहिल्या तीन महिन्यांत अंगावर लाल जाणे ही तशी विरळा गोष्ट नाही. साधारण चार गर्भवतींपैकी एकीला ते होते आणि त्यांपैकी निम्म्या जणींचे गर्भारपण पुढे सुरळीत पार पडते. उरलेल्यांपैकी बहुतेकींचा गर्भ पडतो. दिवस गेल्याचे कळल्यानंतर गर्भ न टिकण्याचे प्रमाण शंभरात दहा ते वीस आहे, आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास प्रकरणांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. बीज रुजते त्याच वेळी तो घडलेला असतो.

हे मी एवढ्या तपशिलाने का सांगतो? कारण त्यानंतर घरात चौकशी सुरू होते. पपई खाल्ली का, पाण्याची बादली कोणी उचलली, लोकलच्या गर्दीतून गेलीस कशाला, ग्रहणात बाहेर पडलीस का. कॉटनग्रीन स्थानकाचा जिना चढल्याने गर्भ पडत नाही. एका बादलीनेही नाही. आधीच खचलेल्या मुलीवर असा आळ येतो तेव्हा पुढच्या खेपेला ती रक्त दिसले तरी सांगत नाही. मला भीती त्याची वाटते.

‘सक्त झोपून राहा’ या सल्ल्याचेही तेच. महिनाभर खाटेवर पडून राहिल्याने पहिल्या तिमाहीतील गर्भ टिकतो, याला आधार मिळालेला नाही. आम्ही डॉक्टरांनीच तो पिढ्यान्‌पिढ्या दिला, हेही कबूल करायला हवे. गर्भ टिकवायच्या म्हणून ज्या गोळ्या लिहिल्या जातात, त्यांतील प्रोजेस्टेरॉनची ब्रिटनमध्ये चार हजारांहून अधिक स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. सरसकट सर्वांत फरक दिसला नाही. रक्तस्राव आहे आणि पूर्वीही गर्भपात झालेले आहेत, अशा स्त्रियांत काही लाभ दिसला. म्हणजे हे औषध सर्वांसाठी नाही, आणि निरुपयोगीही नाही. शेजारच्या वहिनींच्या उरलेल्या गोळ्या सुनेला देणे मात्र सर्वथा गैर. गर्भ नळीत असेल, तर त्या गोळ्या घेऊन वाट पाहण्यातच वेळ जातो.

रक्तस्राव किती, हे सांगण्यात जुन्या बायकांचा हातखंडा. मला तोच हिशोब हवा असतो. तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल आणि असे दोन तास चालले असेल, मोठ्या गाठी पडत असतील, घेरी येत असेल, तर दवाखान्यात माझ्याकडेही थांबू नका. थेट रुग्णालय गाठा. मांसासारखे काही पडले, तर फेकू नका. स्वच्छ डबीत घालून सोबत आणा. ते तपासणे गरजेचे असते. क्वचित त्यात द्राक्षांच्या घोसासारखे बुडबुडे दिसतात. ती द्राक्षगर्भधारणा, म्हणजे मोल. त्यात गर्भाशय रिकामे केल्यानंतरही कित्येक महिने रक्ताची तपासणी करत राहावे लागते, कारण थोड्या स्त्रियांत त्यातून कर्करोगासारखी वाढ होते. ती औषधांनी बहुतेक वेळा पूर्ण बरी होते, आणि त्यासाठी आमच्या भागातील लोकांना परळचे टाटा रुग्णालय आहे. ‘टाटा’ हे नाव ऐकताच घरात रडारड होते. या विकारात तरी तिचे कारण नाही. तपासण्या चुकवणे मात्र महागात पडते.

उलट्यांचे थोडक्यात. सकाळची मळमळ सर्वांनाच परिचित. पण पाण्याचा घोटही टिकत नाही, दिवसभरात लघवी जेमतेम एकदा आणि गडद होते, वजन उतरले, तर त्याला ‘डोहाळे कडक आहेत’ म्हणून कौतुकाने पाहू नये. लघवीत कीटोन तपासतो आणि बहुधा दाखल करतो. ‘‘डॉक्टर, एक सलाईन लावून टाका’’ असा आग्रह होतो. कित्येक दिवस उपाशी असलेल्या स्त्रीला ब-१ जीवनसत्त्व न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले, तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून मी दवाखान्याच्या बाकावर ते लावत नाही.

चिठ्ठीत काय असते

माझ्याकडे गर्भवती आली, की मी प्रथम नाडी, ब्लडप्रेशर, ताप आणि डोळ्यांची फिकटी पाहतो. मग पोट. लघवीची तपासणी तेथेच करतो. त्यानंतर सोबत आलेल्यांना दोन मिनिटे बाहेर बसण्याची विनंती करतो आणि आमच्या परिचारिकेला आत थांबवतो. सासूबाईंना याचा राग येतो, हे मला ठाऊक आहे. पण काही गोष्टी मुलगी तुमच्यासमोर सांगू शकत नाही. कोणाचा हात उठला असेल. पूर्वीचे काही असेल. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून स्वतःच घेतल्या असतील. न तपासता घेतलेल्या त्या गोळ्यांनी गर्भाशयातील गर्भ पडतो, नळीतला पडत नाही, आणि होणाऱ्या रक्तस्रावाने तो झाकला जातो. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने या बाबतीत गोपनीयतेचे बंधन घातले आहे. ती जे सांगेल ते माझ्याकडेच राहते. तुमचा अपमान करण्याचा त्यात हेतू नसतो.

मग मी चिठ्ठी लिहितो. तिच्यात शेवटच्या पाळीची तारीख, दुखणे केव्हा सुरू झाले, नाडी-ब्लडप्रेशर आणि ते कोणत्या वेळी मोजले, लघवीच्या तपासणीचा निकाल, कोणते औषध दिले, रक्तगट आणि मला काय शंका आहे, हे असते. शक्य असेल तर रुग्णालयात फोन करतो. अनेक घरांत ही चिठ्ठी उद्यासाठी कपाटात ठेवली जाते. ‘‘आज अमावस्या आहे’’, ‘‘मुलगा दुसरी पाळी करून येऊ दे’’ अशी कारणे असतात. चिठ्ठीवर मी ‘आत्ता’ असे लिहिले असेल, तर मुलाची वाट पाहू नका. तुम्ही दोघी निघा.

कोठे जायचे? परळ आमच्यापासून फार दूर नाही, हे काळाचौकी-लालबागचे भाग्य. के.ई.एम. रुग्णालय आणि त्याच्याच रस्त्यावरील नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, दोन्ही १९२६ सालची. गिरणगावातील बायकांची बाळंतपणे तोवर खोल्यांतच होत. ती रुग्णालये झाली तरी त्या बिनपगारी किती दिवस घरी राहणार, हा प्रश्न उरलाच. मुंबई प्रांताने १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा केला तो देशातील पहिला, आणि कायदेमंडळात त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तुमच्यापैकी पुष्कळ जण वाडियातच जन्मलेले असतील. सांगायचे ते असे की, नाव किंवा ओळख पाहून रुग्णालय निवडू नका. रात्री दोन वाजताही सोनोग्राफी, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि रक्त मिळेल, असे ते हवे. कोपऱ्यावरचे नर्सिंग होम दिवसा उत्तम असेल. रात्री तेथे फक्त परिचारिका असेल, तर एक तास तेथे वाया जाईल.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. गणपतीच्या दिवसांत लालबागचे रस्ते माणसांनी भरतात. घरात गर्भवती असेल, तर त्या दहा दिवसांत कोणत्या गल्लीतून गाडी निघते हे आधीच पाहून ठेवा. मंडळाचे कार्यकर्ते वाट करून देतात, हा माझा अनुभव आहे; त्यांना सांगावे मात्र लागते.

निघताना तिला चहा, दूध, काहीही देऊ नका. शस्त्रक्रिया करावी लागली, तर भूल देताना पोट रिकामे असलेले बरे. जुने कागद, रक्तगटाचे कार्ड आणि ओळखपत्र सोबत घ्या. रक्तगटाला दोन कारणांनी महत्त्व आहे. तो निगेटिव्ह असेल, तर रक्तस्राव किंवा गर्भपात झाल्यावर अँटी-डी इंजेक्शन लागते का, हे ७२ तासांच्या आत ठरवावे लागते. पुढच्या बाळासाठी ते आवश्यक असू शकते. दुसरे कारण दुर्मीळ, पण आपल्या शहराचे नाव लावणारे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथेच, परळला, ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला. तो वरवरच्या तपासणीत ‘ओ’ वाटतो, पण त्याला ‘ओ’चे रक्त चालत नाही. कुटुंबात कोणाचा असा गट निघालेला असेल, तर पहिल्याच मिनिटाला सांगा.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर काही प्रसंग नेहमी घडतात. ओळखपत्र मागतात, फॉर्म भरून सही घेतात. ज्येष्ठांना वाटते, विनाकारण अडवतात. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वप्रथम केला आणि १९९४ मध्ये तो देशभर झाला. तो फॉर्म त्या कायद्याचा. दुसरे, इतक्या लवकर पोटावरून नीट दिसत नाही, म्हणून आतून सोनोग्राफी करतात. त्याने गर्भाला धक्का बसत नाही. तिसरे, ‘गर्भ दिसत नाही’ असा रिपोर्ट येतो आणि घरात हलकल्लोळ होतो. पाळीपासून पाच आठवड्यांच्या आसपास पिशवी दिसू लागते, सहाव्याच्या सुमारास ठोके. तारीख चुकली असेल तर अजून दिसण्याची वेळच आलेली नसेल. गर्भ पडून गेला असेल. किंवा तो नळीत असेल. म्हणून रक्तातील बीटा-एचसीजी तपासतात आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. निरोगी गर्भारपणात सुरुवातीला ते दोन दिवसांत जवळजवळ दुप्पट होते. एका आकड्यावरून काही ठरत नाही. हे दोन दिवस घरात सर्वांत अवघड जातात. या काळात तिला एकटी ठेवू नये, गावी पाठवू नये, आणि संडासाची कडी आतून लावू देऊ नये.

गर्भपातानंतर ताप, थंडी, दुर्गंधीयुक्त स्राव, पोट दुखणे वाढणे, यांत जंतुदोषाची शंका घ्यायची. बेळगावच्या सविता हालप्पनावर या तरुण दंतवैद्य २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमध्ये अशाच जंतुदोषाने गेल्या. त्यांना सतरावा आठवडा होता. म्हणजे पहिली तिमाही उलटली होती. तेथील कायद्यामुळे गर्भाचे ठोके चालू असेतोवर गर्भपात करण्यास नकार मिळाला, हे सर्वांनी वाचले. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली, ती कमी वाचली गेली: नाडी, ताप, ब्लडप्रेशर ही साधी निरीक्षणे वेळच्या वेळी झाली नव्हती, झालेल्यांवर कृती झाली नव्हती. थर्मामीटर तर तुमच्याही घरात आहे.

घरी परतल्यावर

रुग्णालयाच्या कागदावर ‘इनकम्प्लीट ॲबॉर्शन’ असे लिहिलेले असते. आपोआप पडलेल्या गर्भालाही वैद्यकात तोच शब्द आहे, मराठीतही दोन्हींना गर्भपातच म्हणतात. एकदा एक सासरे असा कागद घेऊन माझ्याकडे तावातावाने आले होते; सुनेने घरच्यांना न सांगता गर्भ पाडून घेतला, असा त्यांचा समज झाला होता. मी त्यांना अर्धा तास बसवून तो शब्द समजावला. तोवर चार दिवस त्या घरात तिच्याशी कोणी बोलले नव्हते.

तिला विश्रांती द्या, लोहाच्या गोळ्या चुकू देऊ नका. नोकरी करत असेल, तर गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या भरपगारी रजेची तरतूद १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात होती आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. रुग्णालयाचा दाखला लागतो. कित्येक मुली संकोचाने ‘पोट बिघडले होते’ असे सांगून तिसऱ्या दिवशी कामावर जातात. या गोष्टीचा दुखवटा कोणी पाळत नाही. बातमीच सांगितलेली नसते, त्यामुळे भेटायलाही कोणी येत नाही. मुलगी रडत असेल, तर ‘‘अजून वय गेलं नाही’’ असे म्हणण्यापेक्षा तिच्याजवळ बसावे. नवऱ्यालाही बसवावे. आणि तुमच्या पिढीतील पुष्कळ जणींच्या बाबतीत हे घडून गेलेले असते, पण तोंडातून निघालेले नसते. ते तिला सांगितलेत, तर माझ्या औषधाहून अधिक उपयोग होईल. दोन-तीन आठवड्यांनंतरही जेवण-झोप नसेल, तर डॉक्टरांना सांगा.

ज्या स्त्रीची नळी एकदा फुटली, तिला पुढच्या खेपेला सहाव्या आठवड्यातच सोनोग्राफी हवी. वाट पाहणे नाही. त्या पावसाळ्यात मी घरी पाठवलेल्या मुलीला दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. पाळी चुकून आठ दिवस झाले होते. सासूबाई तिला घेऊन आल्या, सासऱ्यांना बाहेर बसवले आणि माझ्या टेबलावर कालनिर्णयाचे फाडलेले पान ठेवले. त्यावर तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढलेला होता. ‘‘पित्ताचं इंजेक्शन नको’’, त्या म्हणाल्या, ‘‘सोनोग्राफीची चिठ्ठी द्या.’’ मी दिली.